यंत्राची गणना आणि मनुष्याचा संशय

आपल्या भाषेनें ज्या खेळाला बुद्धिबळ असें नांव दिलें, त्याच खेळांत एका यंत्रानें जगज्जेत्यास हरवावें, हा पुष्कळांस बुद्धीचाच पराभव वाटला. १९९७ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएम कंपनीचा 'डीप ब्ल्यू' हा संगणक यांच्यामध्यें सहा डाव झाले. यंत्रास साडेतीन गुण मिळाले, कास्पारोव्हला अडीच. परंतु या निकालाचा अर्थ लावण्यापूर्वीं दोघे खेळत कसे होते, हें पाहिलें पाहिजे.

डीप ब्ल्यू एका सेकंदांत पटावरील सुमारें २० कोटि स्थिति तपाशीत असे. आपली खेळी, तिच्यावर प्रतिपक्षाची खेळी, तिच्यावर पुन्हां आपली, असा वृक्ष वाढवीत न्यावयाचा. फांद्यांच्या टोकांशीं असलेल्या स्थितींना अंकांत किंमत द्यावयाची. आणि अधिकांत अधिक लाभाकडे नेणारी खेळी निवडावयाची, हा त्याचा मार्ग. ही किंमत ठरविण्याचे नियमही मनुष्यांनींच, निष्णात खेळाडूंच्या साह्यानें, घालून दिले होते.

मनुष्याचें तसें नाहीं. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यानें १९४६ सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, थोर खेळाडू इतर चांगल्या खेळाडूंहून फारशा अधिक खेळी मोजीत नाहीं. मात्र चालू डावाचा पट कांहीं सेकंद दाखवून झांकला, तर तो जवळजवळ सर्व मोहरीं जागच्या जागीं मांडतो. पुढें १९७३ सालीं विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनीं मोहरीं वाटेल तशीं विखरून दाखविलीं, तेव्हां हें श्रेष्ठत्व बहुतेक लोपलें. म्हणजे निष्णाताच्या स्मरणांत राहतो तो मोहऱ्यांचा परस्परसंबंध. व्यर्थ खेळी तो मोजून टाकीत नाहीं. त्या त्याच्या मनांत येतच नाहींत.

परंतु अर्थ पाहण्याची हीच संवय मनुष्यास फसवितेही. दुसऱ्या डावांत यंत्रानें उघड दिसणारा लाभ सोडून एक शांत खेळी केली. कास्पारोव्हला तींत मानवी मनाची चाहूल लागली. मनुष्याचा हात असावा असा संशयही त्यानें बोलून दाखविला. कंपनीनें तो नाकारला. शेवटीं आपली स्थिति निराशेची मानून त्यानें डाव सोडला; आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, सतत शह देत राहून बरोबरी साधण्याची वाट मोकळी होती! ज्यानें ती वाट स्वतः शोधली असती, त्यानें प्रतिपक्षाच्या सर्वज्ञतेवर विश्वास ठेवून ती शोधलीच नाहीं. यंत्राला मात्र ना भय होतें, ना संशय.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. १९९७ चें यंत्र हा यंत्रांचा शेवटचा नमुना नव्हे. २०१७ सालीं पुढें आलेला 'अल्फाझीरो' केवळ नियम घेऊन स्वतःशींच डाव खेळत शिकला, व सेकंदाला सुमारें ८० हजार स्थिति पाहूनच कोट्यवधि स्थिति मोजणाऱ्या यंत्रास भारी ठरला. तेव्हां निवड मनुष्याची आणि मोजणी यंत्राची, ही रेषा आतां पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाहीं.

तरीही एक भेद आम्हांस मोठा वाटतो. यंत्र आपल्याविषयीं कांहीं कल्पीत नाहीं. आपण मात्र त्याच्या ठायीं मन कल्पितों, आणि त्या कल्पित मनापुढें नमतों. यंत्राचें उत्तर बिनचूक असेलही. पण डाव सोडण्यापूर्वीं पट पुन्हां एकदां आपल्या डोळ्यांनीं पाहावा, हें बरें.