सरकारी ऑर्डर हवी आहे? पोर्टल उघडण्याआधी कागदावरचं नाव एक करा

सरकारी दवाखान्याला चादरी लागतात, वसतिगृहाला गाद्या, ऑफिसला खुर्च्या, पडदे, फायली आणि फडकी लागतात. हा माल बनवणारे आणि विकणारे कितीतरी लोक भिवंडी, मालेगाव, सोलापूरपासून मुंब्र्यापर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. पण टेंडर म्हटलं की "ते ओळखीवाल्यांचं काम" असं म्हणून विषय तिथेच संपतो. ओळखीचा प्रश्न नसतोच असं आम्ही म्हणणार नाही. मात्र नोंदणी करण्यासाठी ओळख लागत नाही आणि फीसुद्धा लागत नाही.

केंद्र सरकारची खरेदी मुख्यतः गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे 'जेम' पोर्टलवर होते. हे पोर्टल 2016 मध्ये सुरू झालं. राज्यांची खातीसुद्धा त्यावरून माल घेतात. महाराष्ट्रातल्या बांधकाम, जिल्हा परिषद, महापालिका वगैरेंच्या निविदा 'महाटेंडर्स' या राज्याच्या पोर्टलवर निघतात. ही दोन पोर्टलं वेगळी आहेत आणि एकावर नोंदणी केली म्हणून दुसऱ्यावर होत नाही. छोट्या व्यावसायिकाने जेमपासून सुरुवात करावी असं आमचं मत आहे, कारण तिथे पाच-दहा हजारांच्या ऑर्डरसुद्धा निघतात.

आता खरी अडचण कुठे येते ते बघू. ती आपल्या घरांत जास्त दिसते. जेमवर पॅन, आधार, बँक खातं, जीएसटी ही सगळी माहिती ऑनलाइन पडताळली जाते. पडताळणी करणारं मशीन अक्षर बघतं, माणूस ओळखत नाही. आपल्या कागदांवर कुठे 'शेख' आधी येतो, कुठे शेवटी. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे असतं. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर 'मोहद', तिसऱ्यावर नुसता 'एम'. वडिलांचं नाव आधारवर आहे, पॅनवर नाही. बायकांच्या नावामागे कुठे 'बी' लागतं, कुठे 'बेगम', कुठे 'बानो', आणि लग्नानंतर अर्धे कागद माहेरच्या नावाचे, अर्धे सासरच्या. फॉर्म पुढे सरकत नाही, आणि माणूस समजतो की आपल्याला मुद्दाम अडवलं. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की पॅनवरचं नाव आणि भरलेलं नाव जुळलं नाही.

म्हणून पोर्टल उघडण्याआधी सगळे कागद एका टेबलावर ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट, ज्यावर नाव पक्कं आहे तो आधार माना आणि तेच स्पेलिंग सगळीकडे करा. आधी आधार कार्ड, मग पॅन, मग बँक, शेवटी जीएसटी आणि उद्यम. आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं, तेव्हा घाईत अर्धवट दुरुस्ती करू नका. नाव पूर्णच बदलायचं असेल तर आधी शासन राजपत्रात प्रसिद्धी लागते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही बघा, कारण प्रत्येक पायरीला ओटीपी तिथेच येतो.

नाव जुळलं की पुढचं काम उद्यम नोंदणीचं. 1 जुलै 2020 पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी याच नावाने होते. ती मोफत आहे आणि सरकारी संकेतस्थळावरच होते. पैसे मागणारी, दिसायला हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर पान बंद करा. स्वतःला जमत नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा.

उद्यमचा फॉर्म भरताना व्यवसायाचा प्रकार विचारतात: उत्पादन, सेवा की व्यापार. इथे बरेच जण "काय फरक पडतो" म्हणून काहीतरी टिक करतात. फरक मोठा पडतो. सरकारी खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. शिवाय अशा उद्योगाला बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, भरावी लागत नाही. पण या सवलती माल स्वतः बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहेत, आणून विकणाऱ्याला नाहीत. 2021 पासून दुकानदार आणि व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, मात्र ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. आपल्याकडे व्यापारी जास्त, म्हणून हे स्पष्ट सांगतो: दुकान असलेल्याने जेमवर जरूर यावं, पण बयाणा माफ होईल असं धरून टेंडर भरू नये. अर्ज तांत्रिक छाननीतच बाद होतो. दुकान असून 'उत्पादन' लिहून देणं हा तर वेगळाच धोका, कारण कागद मागितले की नोंदणीही जाते आणि पुढची दारंही बंद होतात. ज्यांचे स्वतःचे लूम किंवा शिलाई मशीन आहेत त्यांनी मात्र 'व्यापार' लिहून हक्काची सवलत घालवू नये.

बयाणा साधारणपणे अंदाजित किमतीच्या 2 ते 5 टक्के असतो. तो मुदत ठेवीच्या पावतीनेच द्यावा असं काही नाही. डिमांड ड्राफ्ट किंवा बँकर्स चेकही चालतो, काही ठिकाणी ऑनलाइन भरता येतो. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं.

जेमवर पहिली नोंदणी मालकाने स्वतःच्या आधार किंवा पॅनवर करायची. भागीदारी असेल तर भागीदाराने, कंपनी असेल तर संचालकाने. हा मुख्य वापरकर्ता. अकाउंटंटला किंवा सायबरवाल्याला काम द्यायचं तर त्याच्यासाठी दुय्यम वापरकर्ता तयार करता येतो. मुख्य पासवर्ड आणि ओटीपी कोणाला देऊ नका. महाटेंडर्ससाठी क्लास थ्री डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते आणि कायद्याने तुमची सहीच आहे. ती दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं म्हणजे सही करून कोरा कागद देणं.

घरातल्या बाईच्या नावावर धंदा दाखवून 3 टक्क्यांचा फायदा घेऊ, असं ऐकू येतं. एकट्या मालकीत ती खरोखर मालकीण असावी लागते, भागीदारीत किंवा कंपनीत महिलांचा वाटा किमान 51 टक्के लागतो. त्यापेक्षा ज्या बहिणी घरी खरंच शिवणकाम करतात त्यांचं नाव पुढे आणा. जेमवर महिला उद्योजक आणि बचत गटांसाठी 'वुमनिया' नावाची सोय 2019 पासून आहे.

माल टाकताना फोटो, माप, वजन, धाग्याचा नंबर खरा लिहा. मोठ्या ब्रँडचा माल विकायचा तर त्या कंपनीची परवानगी लागते. दर ठरवताना वाहतूक, जीएसटी आणि पैसे उशिरा येण्याचा काळ धरा. ऑर्डर मिळावी म्हणून तोट्याचा दर टाकून मग माल न देणारे खूप आहेत. त्यांचं खातं निलंबित होतं. उशीर झाला तर जेमवर दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त 10 टक्क्यांपर्यंत रक्कम कापली जाते. दोन पाकिटांच्या निविदेत दर फक्त आर्थिक पाकिटात लिहा. तांत्रिक पाकिटात दराचा एक आकडा दिसला तरी अर्ज बाद.

पैशांचं शेवटी. माल पोचल्यावर खात्याने तो पोर्टलवर स्वीकारला, अशी नोंद झाली पाहिजे. चलनावर शिपायाची सही पुरत नाही. त्या नोंदीवर नजर ठेवा, ती झाली नसेल तर लेखी विचारा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत, असा 2006 चा कायदा आहे. थकले तर ऑनलाइन तक्रार टाकता येते आणि ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. त्यासाठी उद्यम प्रमाणपत्र ऑर्डर घेण्याआधीचं असावं लागतं. म्हणून पहिली ऑर्डर यायची वाट बघत उद्यम पुढे ढकलू नका.