डोळ्यांचा रंग बदलण्याच्या परदेशी शस्त्रक्रिया

निरोगी डोळ्याचा रंग, पांढरेपणा किंवा पापणीची ठेवण निव्वळ दिसण्यासाठी बदलून घ्यायची आणि त्यासाठी देशाबाहेरच्या खाजगी दवाखान्यात जायचे, अशा उपचारांची ही नोंद. भर रंगबदलावर आहे, कारण सर्वात मोठी किंमत तिथेच मोजावी लागते. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रिया इथे धरलेल्या नाहीत. त्या पुण्यात सर्रास होतात, आणि परदेशी राहणारी मराठी मंडळी सुट्टीत घरी आली की त्या उरकूनही घेतात.

बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला परितारिका म्हणतात. तिच्यात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसतेच. असते ते मेलॅनिन, तपकिरी. ते पुढच्या थरात भरपूर असले की डोळा काळाभोर दिसतो, कमी असले की घारा, आणि जवळपास नसले की प्रकाशाच्या विखुरण्याने निळा. हा फरक मुख्यतः पंधराव्या गुणसूत्रावरच्या दोन शेजारी जनुकांमुळे पडतो. कोकणस्थांच्या घाऱ्या डोळ्यांचे कौतुक आणि त्यावरचे टोमणे, दोन्ही मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. घाऱ्या डोळ्यांची मुलगी लग्नाच्या बाजारात वेगळी मोजली जाते, हे कोणी उघड बोलत नसले तरी ठाऊक सर्वांना असते.

हवेली तालुक्यातले लोणी काळभोर या विषयाच्या संदर्भात सहज आठवते. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात मुळा-मुठेकाठी राज कपूर यांची राजबाग होती. निळ्या डोळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या दिग्दर्शकाने १९७८ सालच्या ‘सत्यम शिवम सुंदरम’चे बरेच चित्रण इथेच केले. नायिकेचा अर्धा चेहरा भाजलेला आणि नायकाला कुरूपता पाहवत नाही, असा त्याचा विषय. (चित्रपट स्वतः मात्र देखणेपणावरून नजर हटवायला शेवटपर्यंत तयार नाही.) आज त्या परिसरात एमआयटी कला, अभिकल्प व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. अभिनय, चित्रपट आणि डिझाइन शिकणारी, कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची स्वप्ने पाहणारी मुले तिथे येतात. रंगबदलाच्या जाहिराती ज्या वयाला आणि ज्या व्यवसायाला उद्देशून असतात, ते हेच.

दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया पुण्याला नवी नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान १७९२च्या म्हैसूर युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ही हकीकत १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. म्हणजे त्या वेळी विद्या इथून तिकडे गेली. पण कावसजीजवळ गमावण्यासारखे नाक उरलेलेच नव्हते. रंग बदलायला निघालेल्या माणसाजवळ शाबूत नजर असते, आणि पुढचा सगळा हिशोब या एका फरकावर उभा आहे.

कृत्रिम परितारिका. सिलिकॉनची रंगीत, मधोमध भोक असलेली चकती घडी घालून तीन मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून डोळ्यात सरकवतात आणि मूळ परितारिकेच्या पुढ्यात उलगडतात. जन्मतः परितारिका नसलेल्या किंवा अपघातात ती फाटलेल्या रुग्णांसाठी असे रोपण आधीपासून होते. निरोगी डोळ्यात ते केवळ रंगासाठी घालायची टूम पनामातील नेत्रतज्ज्ञ डेलारी काह्न यांच्या ‘न्यूकलरआयरिस’ने काढली. त्यामागून ‘ब्राइटऑक्युलर’ हे दुसरे उत्पादन आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यांपैकी एकालाही मान्यता दिली नाही. ३० मे २०१८ रोजी तिथे मान्यता मिळाली ती ‘कस्टमफ्लेक्स’ या कृत्रिम परितारिकेला, आणि तीही ज्यांची परितारिका मुळात नाही किंवा खराब झाली आहे अशांसाठीच. कंपन्या अमेरिकी बाजारपेठेकडे पाहणाऱ्या, शस्त्रक्रिया मात्र पनामा, मेक्सिको, कोलंबिया अशा देशांत, असे चित्र दिसते ते यामुळे.

इथे शरीररचना जरा बारकाईने पाहायला हवी. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, आणि परितारिका यांच्यामधली पोकळी मध्यभागी जेमतेम तीन मिलिमीटर खोल असते आणि कडेला निमुळती होत जाते. त्या कडेच्या कोनातच डोळ्यातले पाणी बाहेर पडण्याची जाळी असते. चकतीची कड त्या कोनात टेकते. जाळी दबली किंवा सुजली की पाणी तुंबते, डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. चकतीची मागची बाजू मूळ परितारिकेवर घासते, रंगद्रव्याचे कण सुटतात, जळजळ सुरू होते. पुढची बाजू कॉर्नियाच्या आतल्या पेशींच्या जवळ येते. तरुण माणसात या पेशी दर चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार असतात. मेल्या की नव्या तयार होत नाहीत. संख्या पाचशेच्या घरात उतरली की कॉर्नियात पाणी भरते आणि काच धुरकट होते. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदलेल्या रुग्णांची कहाणी जवळपास एकाच वळणाने जाते : आधी लाली आणि धूसर दिसणे, मग दाब, मग चकती काढण्याची शस्त्रक्रिया. पुढे कोणाला मोतीबिंदूची, कोणाला काचबिंदूच्या नळीची, कोणाला कॉर्निया प्रत्यारोपणाची. चकती काढली म्हणजे गेलेल्या पेशी आणि दाबाने वाळलेली दृष्टीची नस परत येत नाही. दाब हळूहळू वाढला तर दुखतही नाही, त्यामुळे रुग्ण ‘डोळा छान आहे’ म्हणत राहतो आणि कडेची नजर निघून जाते.

कॉर्नियात रंग भरणे. आज जास्त चालते ती ही पद्धत. फेम्टोसेकंद लेसरने कॉर्नियाच्या जाडीत, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरात, वर्तुळाकार बोगदा पाडतात आणि त्यात रंग सोडतात. कल्पना फार जुनी आहे. गेलनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कॉर्नियावरचे पांढरे डाग रंगवून झाकण्याचे वर्णन केले आहे, आणि १८६९ साली लुई द वेकर यांनी पॅरिसमध्ये काळी शाई वापरली. दोघांपुढे होता तो डोळ्यात फूल पडलेला, दृष्टी गेलेला रुग्ण. अशा डोळ्याला पुन्हा काळे बुबुळ देणे हे आजही चांगले काम आहे. निरोगी डोळ्यात तेच तंत्र वापरणाऱ्यांत स्पेनमधील आलिकांते, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग आणि न्यूयॉर्क इथले दवाखाने आघाडीवर आहेत. न्यूयॉर्कमध्ये दोन्ही डोळ्यांचा खर्च सुमारे १२,००० डॉलर सांगितला जातो.

चकतीच्या मानाने हा मार्ग सौम्य, कारण डोळ्याच्या आत काही शिरत नाही. पण जोखीम संपत नाही. संसर्ग, रंगाची प्रतिक्रिया, रंग पसरणे किंवा फिका पडणे, प्रकाश सहन न होणे, कॉर्निया कमजोर होणे या गोष्टी अमेरिकन नेत्रवैद्यक अकादमीने जानेवारी २०२४च्या इशाऱ्यात नमूद केल्या. त्या इशाऱ्यात दोन्ही पद्धती निव्वळ रंगासाठी करू नयेत असेच म्हटले आहे. मराठी वाचकाने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. रंगाच्या कड्यामागून दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याची, कड तपासणे डॉक्टरला कठीण जाऊ शकते, आणि मोतीबिंदू काढतानाही ते आडवे येते. ज्या घरात मधुमेह आहे तिथल्या पंचविशीतल्या मुलाला पुढे वर्षानुवर्षे पडदा तपासून घ्यावा लागण्याची शक्यता बरीच असते.

लेसर आणि इतर. परितारिकेवरचे मेलॅनिन लेसरने जाळून खालचा फिका थर उघडा करायचा, असाही एक प्रकार आहे. सुटलेले कण डोळ्यातले पाणी बाहेर सोडणाऱ्या त्या जाळीत जाऊन बसण्याची भीती असते. डोळ्याचा पांढरा भाग आणखी पांढरा करण्यासाठी वरचे पातळ आवरण कापून मायटोमायसिन हे औषध लावण्याची शस्त्रक्रिया दक्षिण कोरियात जोरात चालली होती. श्वेतपटल पातळ होणे, चुना साठणे, दुहेरी दिसणे अशा तक्रारी वाढल्यावर तिथल्या आरोग्य मंत्रालयाने २०११ मध्ये ती थांबवली. पापणीच्या शस्त्रक्रिया तुलनेने निर्धोक. डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचे प्रमाण दोन हजारांत साधारण एक, पण झालाच तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत. त्याच रात्री विमानात बसणे म्हणून शहाणपणाचे नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागात शाई टोचणे हा प्रकार शस्त्रक्रियेत मोडतच नाही.

परतल्यावर. सल्ला घेताना लोक डॉक्टर कसा, दवाखाना किती चकचकीत, आधीचे-नंतरचे फोटो कसे, एवढेच विचारतात. खरा प्रश्न तिसऱ्या आठवड्याचा असतो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दुबई किंवा बँकॉक गाठणे सोपे झाले आहे, पण दाब मोजायला दर पंधरा दिवसांनी तिकडे कोणी जात नाही. शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडचे थेंब देतात. ते अचानक थांबवले तर सूज उसळते. चालू ठेवले तर काहींचा दाब त्या थेंबांनीच चढतो. मोजल्याशिवाय यातले काय घडते आहे ते कळत नाही. मोजणे तसे किरकोळ काम : सुन्न करणारा थेंब, पिवळा रंग, निळा उजेड आणि कॉर्नियाला हलकेच टेकणारा शंकू. दाब १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असला की ठीक. लोणी काळभोरच्या माणसाला त्यासाठी हडपसर-महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयापर्यंत किंवा जवळच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे जाता येते.

अडचण येते ती कागदांची. आपल्याकडे मोतीबिंदूच्या साध्या रुग्णाच्याही डिस्चार्ज कार्डावर लेन्सचा स्टिकर चिकटवलेला असतो : कंपनी, नंबर, लॉट. रंगबदल करून आलेल्याजवळ पुष्कळदा पावती आणि स्पॅनिश किंवा तुर्की भाषेतले एखादे पान एवढेच असते. आत काय घातले आहे, कोणत्या मापाचे, आधी पेशी किती होत्या, काहीच कळत नाही. दुसऱ्याचे अर्धवट काम हातात घ्यायला डॉक्टर बिचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून जायचेच ठरवले असेल, तर निघण्यापूर्वी इथल्या नेत्रतज्ज्ञाकडून पेशींची मोजणी, कोनाची तपासणी आणि दाबाची नोंद करून ठेवावी, आणि परतल्यावर तपासणार का हे त्यांना आधी विचारावे. ‘नाही’ म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

पैशाची बाजूही तपासावी. भारतीय आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकांत सौंदर्य शस्त्रक्रियेचे कलम आठव्या क्रमांकावर आहे. त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्चही मग बहुधा खिशातूनच. १९९५च्या व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, २००८च्या समीरा कोहली निकालाने संमती कशी घ्यावी हे स्पष्ट केले, आणि २०१९च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करायची मुभा दिली. पुण्यातल्या डॉक्टरविरुद्ध हे सगळे हाताशी असते. पनामातल्या दवाखान्याविरुद्ध निकाल मिळवला तरी बजावायचा कोणावर?

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स हा परत घेता येणारा पर्याय. तीही नेत्रतज्ज्ञाकडून माप घेऊन, झोपताना काढून आणि ठरलेल्या द्रावणानेच धुऊन. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुतलेल्या लेन्समुळे कॉर्नियाला अमीबाचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो बरा करायला महिनेच्या महिने लागतात.

शेवटची बाब खास भारतीय आहे. आधारसाठी दोन्ही परितारिकांची प्रतिमा घेतली जाते. ही योजना सुरू झाली तीही महाराष्ट्रात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. यंत्र ओळखते ती बाहुलीभोवतीची नक्षी. चकती किंवा कॉर्नियातला रंग नेमकी तीच झाकतो. शेतात, बांधकामावर किंवा धुण्याभांड्यांत बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाची ओळख पटवायला डोळ्यांचा आधार उरतो, आणि रंग बदललेल्याला तो नव्याने नोंदवून घ्यावा लागू शकतो.