तो हिरवा माणूस: विमानांतील पाट्यांचा इतिहास

मागें एकदां मुंबईहून अमेरिकेस जात असतां आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मुलाकडे प्रथमच निघालेल्या. विमान सुटण्यापूर्वीं त्यांनीं छताजवळच्या एका लहानशा पाटीकडे बोट दाखवून आम्हांस विचारलें, "अहो भाऊ, तो हिरवा माणूस कुठं पळतोय?" आम्हीं उत्तर दिलें, "दाराकडे." "कुठल्या दाराकडे?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र आम्हांस उभें राहून, मान वळवून, शोध घेऊन मगच देतां आलें. तीस वर्षें इंग्रजी शिकविलेल्या माणसास 'एक्झिट' हा शब्द मुळांत लॅटिन क्रियापदाचें एक रूप असून त्याचा अर्थ 'तो बाहेर जातो' असा आहे, नाटकांच्या रंगसूचनांतून तो इंग्रजींत रुळला, हें सर्व ठाऊक होतें. आपलें दार पुढें आहे कीं मागें, एवढेंच ठाऊक नव्हतें. त्या संकोचामुळें आमचें लक्ष ह्या पाट्यांच्या इतिहासाकडे गेलें.

विमानांतील पाट्या पाहून असा समज होतो कीं, विमान बांधणाऱ्यांनीं सर्व संकटांचा आगाऊ विचार करून त्या लाविल्या असाव्यात. वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. ह्यांतील पुष्कळ पाट्या अपघातानंतर लागलेल्या आहेत. शौचालयापाशीं धूम्रपानास सक्त मनाई असल्याची पाटी असते आणि तिच्याजवळच राखदाणी असते. ही विसंगति पाहून प्रवासी हंसतात. तिचें मूळ ११ जुलै १९७३ ह्या दिवशीं आहे. रिओ डी जानेरोहून पॅरिसकडे निघालेल्या व्हॅरिग कंपनीच्या बोइंग ७०७ विमानांत, मुक्काम जवळ आला असतां, मागील शौचालयांत आग लागली. कचऱ्याच्या पेटींत पडलेली जळती सिगारेट हें तिचें संभाव्य कारण मानलें गेलें. वैमानिकांनीं ओर्ली विमानतळाच्या अलीकडे एका शेतांत विमान उतरविलें. तरी १३४ पैकीं १२३ माणसें दगावलीं. त्यानंतर मनाईची पाटी व राखदाणी ह्या दोन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या. नियम करणाऱ्यांनीं मनुष्यस्वभाव बरोबर ओळखला होता. पाटी वाचूनही कोणी चोरून ओढणारच. तर निदान त्याचें थोटूक कागदांत पडूं नये!

दहा वर्षांनीं, २ जून १९८३ रोजीं, एअर कॅनडाच्या एका डी.सी.-९ विमानांत पुन्हा शौचालयाच्या बाजूसच आग निघाली. विमान सिनसिनाटीच्या विमानतळावर टेकलें, दारें उघडलीं, आणि दीडेक मिनिटांत आंतील सर्व भाग पेटला. ४६ जणांपैकीं २३ प्रवासी बाहेर येऊं शकले नाहींत. दारांच्या पाट्यांविषयीं अमेरिकन नियम अत्यंत काटेकोर होते: अक्षरें तांबडीं, कमींत कमी दीड इंच उंच, मागें उजळलेली पांढरी भूमि. परंतु ह्या पाट्या डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहूनही वर. आणि तापलेला धूर वर चढून छतापासून खालीं भरत येतो. म्हणजे पाटीची खरी गरज लागतांच प्रथम तीच दिसेनाशी होणार. माणूस गुडघ्यांवर आणि पाटी ढगांत, अशी ही अवस्था! ह्या विमानांतून वांचलेल्यांपैकीं कांहींनीं दारापर्यंतच्या रांगा आधींच मोजून ठेविल्या होत्या. १९८४ सालीं अमेरिकेच्या हवाई खात्यानें असें ठरविलें कीं, जमिनीपासून चार फुटांच्या वरचा सारा उजेड झांकला गेला तरीही प्रवाशास वाट कळली पाहिजे. त्यासाठीं दोन वर्षांची मुदत दिली गेली, आणि मधल्या वाटेंत, पायांशीं, दिवे आले. पुढें पुष्कळ विमानांत त्यांची जागा अंधारांत आपोआप चमकणाऱ्या पट्ट्यांनीं घेतली. आमच्या मतें ह्या साऱ्या इतिहासांतील ही सर्वांत शहाणपणाची सुधारणा होय. वाचणारा त्या वेळीं कोणत्या अवस्थेंत असेल, ह्याचा विचार तींत झालेला आहे.

परंतु वाट दिसणें निराळें आणि दार उघडणें निराळें. २२ ऑगस्ट १९८५ रोजीं मँचेस्टरहून कॉर्फू बेटाकडे निघालेलें एक बोइंग ७३७ धांवपट्टीवर धांवत असतांनाच त्याचें डावें एंजिन फुटलें. वैमानिकांस वाटलें, टायर फुटला. विमान उडालेंच नाहीं. जमिनीवर, अग्निशामक दल हाकेच्या अंतरावर असतां, १३७ पैकीं ५५ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील बहुतेक धुरानें व विषारी वायूनें. पंखावरील दाराशेजारीं बसलेल्या बाईंनीं दार उघडण्यासाठीं हातास लागली ती वस्तु ओढली. ती दारावर बसविलेली हात टेकण्याची पट्टी होती. खरी मूठ वरच्या बाजूस होती, आणि तेथें 'संकटसमयीं ओढा' अशा अर्थाचीं अक्षरेंही होतीं. शेजारच्या व्यक्तीनें उठून ती मूठ ओढली, तेव्हां सुमारें बावीस किलो वजनाचें तें दार आंत कोसळलें आणि त्या बाई खुर्चींतच दाबल्या गेल्या. मागच्या रांगेंतील एका गृहस्थानें दार उचलून बाजूस टाकलें. विमान थांबल्यापासून तोंवर सुमारें पाऊण मिनिट गेलें होतें.

चौकशीचा अहवाल १९८८ सालीं बाहेर पडला. त्यांतील हा भाग आम्हांस पुनःपुन्हा आठवतो. पाटी खोटी नव्हती. 'ओढा' म्हणून तिनें सांगितलें आणि ओढल्यावर दार सुटलें. मात्र दार जड आहे, तें आंत येईल, तें घेऊन काय करावें, ह्याविषयीं ती मूक होती. आतां पंखाशेजारच्या प्रवाशापुढें चित्रें असतात व विमानांतील सेवक त्यास वेगळें समजावूनही सांगतात. पुढें १९९७ सालीं प्रथम उडालेल्या ७३७ च्या नव्या घडणींत तर तें दार वरच्या बिजागरीवर बाहेरच उघडूं लागलें. पाटी दुरुस्त करण्यापेक्षां दारच दुरुस्त केलें, हें फार बरें झालें.

आतां तो हिरवा माणूस. तो जपानचा रहिवासी, आणि त्याचा जन्म विमानांत झालेला नाहीं. १३ मे १९७२ रोजीं ओसाका येथील सेन्निचि नांवाच्या दुकानांच्या इमारतींत आग लागून ११८ माणसें मेलीं. पुढल्याच वर्षीं कुमामोतो शहरांतील एका मोठ्या दुकानांत तसाच अनर्थ झाला. त्या देशांत संकटकाळच्या दारांवर अक्षरांच्या पाट्या असत. त्यांऐवजीं चित्र हवें, म्हणून त्या दशकाच्या अखेरीस स्पर्धा झाली, तीन हजारांहून अधिक चित्रें आलीं, आणि निवडलेल्या चित्रास युकिओ ओता ह्या कलावंताच्या हातून आजचें रूप मिळालें. सोव्हिएट रशियानेंही तशाच आशयाचें चित्र पुढें केलें होतें. परंतु आंतरराष्ट्रीय मान्यता १९८५ च्या सुमारास जपानी चित्रास मिळाली. अमेरिकेनें आपलीं अक्षरें सोडलीं नाहींत, व पुष्कळशीं प्रवासी विमानें तिच्याच नियमांच्या छायेंत घडत असल्यामुळें तीं आकाशांतही टिकून राहिलीं. २०११ सालीं सेवेंत आलेल्या बोइंग ७८७ सारख्या विमानांतून मग हा धांवणारा पुरुष शिरला. अक्षरांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यास हा पराभव किंचित् बोंचतो, हें आम्ही कबूल करितों. पण आपल्याकडील विमानांत फार तर हिंदी व इंग्रजी सूचना असतात. देवनागरीमुळें मराठी आजीचें निभावेल; तमिळ किंवा बंगाली आजीनें काय करावें?

तथापि चित्रास तरी सर्व कोठें कळतें? २ जानेवारी २०२४ रोजीं तोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारें जपान एअरलाइन्सचें विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलें. त्या लहान विमानांतील सहांपैकीं पांच जण मेले. मोठ्या विमानांतील ३७९ जण मात्र सर्वच्या सर्व बाहेर आले. त्याच्या आठ दारांपैकीं तीनच वापरण्याजोगीं होतीं. बाहेर ज्वाळा आहेत कीं मोकळी जमीन, हें कोणत्याही पाटीस सांगतां येत नाहीं. तें सेवकांनीं खिडकींतून पाहून ठरविलें, आणि ध्वनियंत्रणा बंद पडलेली असल्यामुळें कर्णे घेऊन व ओरडून सांगितलें.

आमच्या परतीच्या प्रवासांतलें विमान जुन्या घडणीचें होतें. हिरवा माणूस नव्हता. तांबडीं अक्षरें होतीं. आम्हीं बसण्यापूर्वीं खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवीत मागच्या दारापर्यंत रांगा मोजल्या. सात भरल्या. मागून येणाऱ्या एका तरुणानें थांबून, आमचें कांहीं हरवलें आहे काय, म्हणून मोठ्या अदबीनें विचारलें.