न्यायाधीश नसलेला न्याय

जैनेतर मैत्रिणी आपल्याला एक प्रश्न हमखास विचारतात. "तुमचा देव जग निर्माण करत नाही, कुणाला शिक्षा करत नाही, नवसाला पावत नाही. मग जीव मारू नये, खोटं बोलू नये, हे तुम्हाला सांगितलं तरी कुणी? आणि नाही पाळलं तर बघणार कोण?" आपल्यातल्या बऱ्याच जणी "आमच्यात असंच आहे बाई" म्हणून विषय संपवतात. खरं तर या प्रश्नाचं उत्तर आपल्याच भागात, बाराशे वर्षांपूर्वी, चांगलं सविस्तर दिलं गेलेलं आहे. ते आपल्याला ठाऊक असायला हवं.

आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडू या. चांगलं आणि वाईट हे माणसाच्या लहरीवर ठरत नसेल, राजालाही आणि रंकालाही ते सारखंच बांधत असेल, तर बांधणारा कुणीतरी माणसाहून मोठा असला पाहिजे, असं हे म्हणणं आहे. युरोपात जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८८ च्या ग्रंथात याला एक वेगळं रूप दिलं. कर्तव्य काय ते आपली बुद्धीच सांगते, पण सज्जनाला शेवटी सुख मिळावं यासाठी ईश्वर मानावा लागतो, असं ते म्हणाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाने रेडिओवरच्या भाषणांतून हाच विषय घरोघरी नेला. माणसाच्या मनातली न्याय-अन्यायाची जाण हीच देवाची खूण, असं त्यांचं सांगणं होतं.

पण आपल्याकडे हा वाद त्याच्याही कितीतरी आधीचा. न्यायदर्शनाच्या पंडितांचा मुद्दा असा होता: कर्म हे जड आहे. त्याला डोळे नाहीत, बुद्धी नाही. कुणी काय केलं, त्याला केव्हा आणि किती फळ द्यायचं, हे जड वस्तूला कसं कळणार? म्हणून कर्माचा हिशेब ठेवणारा एक सचेतन अध्यक्ष हवा, तोच ईश्वर. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ही बाजू फार ताकदीनं मांडली. दुसरीकडे वेदांना सर्वांत जास्त मानणारे मीमांसक मात्र ईश्वराशिवाय काम चालवत होते. त्यांच्या मते वेद कुणीच रचलेला नाही, तो नित्य आहे आणि धर्म त्याच्याच विधीतून कळतो. म्हणजे 'धर्म पाळायचा तर ईश्वर मानलाच पाहिजे' हे या देशात सगळ्यांनी कधीच मान्य केलेलं नव्हतं. हा वाद फक्त आपण काढला असं कुणी म्हणालं तर ते खरं नव्हे.

आता आपलं उत्तर. नवव्या शतकात राष्ट्रकूटांचं राज्य होतं, राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. राजा अमोघवर्ष. त्याच्या काळात आचार्य जिनसेनांनी 'आदिपुराण' रचलं. त्याआधी, इ.स. ८३७ मध्ये, त्यांनी आपले गुरू वीरसेन यांची अपुरी राहिलेली 'जयधवला' टीका पूर्ण केली होती. आदिपुराणाच्या चौथ्या पर्वात त्यांनी सृष्टिकर्त्याची कल्पना एकेक प्रश्न विचारत तपासली आहे. त्यातला एक प्रश्न आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातो. ईश्वर जर जीवांच्या कर्माप्रमाणेच त्यांना शरीर आणि सुखदुःख देत असेल, तर तो स्वतंत्र कुठे राहिला? विणकर जसा सुतावर आणि मागावर अवलंबून, तसा हा कर्मावर अवलंबून. मग त्याला ईश्वर का म्हणायचं?

आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावच्या बायकांना हा दृष्टांत उलगडून सांगावा लागत नाही. माग घरातच बघितलेला असतो. सूत जसं, रंग जसा, तशीच साडी उतरणार. विणकर कितीही कसबी असला तरी लाल सुतातून हिरवी साडी काढणार नाही. आणि ईश्वराने कर्माकडे न बघता आपल्या मर्जीनं फळ दिलं, तर मग त्याला न्याय म्हणता येणार नाही. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. कर्माप्रमाणे दिलं तर ईश्वराची गरज उरत नाही, मर्जीप्रमाणे दिलं तर न्याय उरत नाही. ग्रीसमध्ये प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटीस असाच प्रश्न विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? दोन देश, दोन काळ, पण अडचण एकच.

जड कर्म फळ कसं देतं, याचंही उत्तर जैन आचार्यांनी दिलं. दारू जड आहे, पण पिणाऱ्याला ती चढतेच. तिला 'याला चढ, त्याला चढू नको' असं सांगायला कुणी लागत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लावला की आग होते, त्यासाठी फौजदार बोलवावा लागत नाही. मन-वचन-कायेच्या हालचालीनं कर्मपरमाणू येतात आणि क्रोध, मान, माया, लोभ यांच्या चिकटपणानं ते बांधले जातात.

यावर कुणी म्हणेल, हा तर नुसता स्वार्थ झाला. मला भाजेल म्हणून मी वाईट करायचं नाही. पण तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या बघा. बेफिकिरीनं दुसऱ्याचे प्राण हिरावणं म्हणजे हिंसा. त्या व्याख्येत फळाचा उल्लेखच नाही. वाईटपणा दोन गोष्टींत आहे, समोरच्या जीवाच्या खऱ्याखुऱ्या दुःखात आणि माझ्या बेपर्वाईत. मुंगीला दुःख होतं ते कुणाच्या हुकमानं नव्हे, आणि कुणी हुकूम मागे घेतला म्हणून ते थांबणारही नाही. तीर्थंकर हे दुःख जाणतात, दाखवतात. ते कायदे करत नाहीत. दिवा लावल्यावर खड्डा दिसतो. दिव्यानं खड्डा खणलेला नसतो.

इतिहास सांगायचा तर सगळाच सांगितला पाहिजे. ज्या अमोघवर्षाच्या काळात हे लिहिलं गेलं आणि जो जिनसेनांच्या पायी नतमस्तक होत असे, त्यानंच प्रजेवरचं संकट टळावं म्हणून महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचं बोट वाहिल्याचं इ.स. ८७१ च्या संजान ताम्रपटात नोंदलं आहे. पोथीतला सिद्धांत आणि संकटात सापडलेलं माणसाचं मन यांत तेव्हाही अंतर होतं. आजही आहे. मूल तापानं फणफणलं की आपल्यातलीही एखादी नवस बोलतेच. तिला हसायचं कारण नाही.

पण हुकूम देणारा नसण्याचा एक मोठा फायदा आपण बायकांनी ध्यानात घ्यायला हवा. 'देवानं सांगितलंय' म्हणून वाद बंद करता येत नाही. पुरावा द्यावा लागतो. खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या ताम्रपटात पाचव्या शतकातल्या कदंब राजा मृगेशवर्म्यानं यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक संघांना जमीन दिल्याची नोंद आहे. यापनीय मुनी दिगंबरच राहत, पण स्त्रीला याच जन्मी मोक्ष मिळतो असं ते मानत. अमोघवर्षाच्याच काळातले यापनीय व्याकरणकार शाकटायन यांनी यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. विरोधक म्हणत, स्त्री सातव्या नरकात जाण्याएवढं पाप करू शकत नाही, म्हणून मोक्षाएवढं पुण्यकार्यही तिच्या हातून होणार नाही. शाकटायनांचं उत्तर सरळ होतं: या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आधी सिद्ध करा. पुढे दिगंबर आचार्य प्रभाचंद्रांनी त्याचं खंडन केलं. यापनीय संघ काळाच्या ओघात मिटला आणि आपल्या परंपरेत प्रभाचंद्रांची बाजू उरली. मला शाकटायनांचं म्हणणं पटतं. पटणं-न पटणं शक्य आहे, कारण हा प्रश्न तर्काच्या दरबारात चालला होता. ईश्वरी आज्ञेचा शिक्का त्यावर कुणीच मारलेला नव्हता.

तोटाही सांगते. न्यायाधीश नाही म्हटल्यावर लोक स्वतःच न्यायाधीश होऊन बसतात. नवरा गेला की "तिचंच कर्म", तिसरी मुलगी झाली की "मागच्या जन्मीचं". हे कर्मसिद्धांताचं नाव घेऊन केलेलं क्रौर्य आहे. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब केवलज्ञान्यालाच दिसतो, दारातल्या शेजारणीला नव्हे. आणि दुःखी बाईला टोचून बोललं की बोलणारीला नवं कर्म बांधलं जातं, हे त्याच सिद्धांतात आहे.

माफीचंही तसंच. आपल्याला माफ करणारा वर कुणी नाही. म्हणून दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीला आपण एकमेकींसमोर हात जोडतो. ज्या जीवाला दुखवलं, त्याच्याकडेच जायचं. हा मार्ग देवाकडे माफी मागण्यापेक्षा अवघड आहे, कारण समोरची बाई "नाही" म्हणू शकते.

तेव्हा मैत्रिणीनं पुन्हा विचारलं तर सांगा: चांगलं-वाईट खरंच आहे, आम्ही ते कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, देवाच्याही नाही. तिचा देवावरचा विश्वास मोडायची गरज नाही. तोही माणसाला चांगलं वागायला बळ देतो. फक्त देव नसला तर नीती उरत नाही, एवढं तिनं म्हणू नये. कमळ बस्ती आमच्या किल्ल्यात इ.स. १२०४ पासून उभी आहे. आठशे वर्षं तिथं लोक येतात, पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि कुणी बघत नसतानाही पाऊल जपून टाकतात.