वर्तुळाकार चौक, गंतव्यफलक आणि सहयोगी नकाशा: एक टिपण

चौकातील वर्तुळ हा आकार जुना आहे. त्या वर्तुळात कोणी थांबावयाचे आणि कोणी पुढे जावयाचे, हा आज सर्वमान्य वाटणारा नियम मात्र त्यामानाने अलीकडचा होय. या दोहोंचा भेद लक्षात न घेता केलेली नोंद इतिहासाच्या अभ्यासकास चकवू शकते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये आरंभिलेला व पुढे असंख्य स्वयंसेवकांच्या श्रमाने वाढलेला नकाशा या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

एकाच दिशेने फिरत राहणाऱ्या वाहतुकीची कल्पना पॅरिसचे वास्तुविशारद यूजेन एनार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली, आणि १९०७ च्या सुमारास तेथील एत्वाल चौकात ती प्रत्यक्षात आली. न्यूयॉर्कमध्येही विल्यम एनो यांच्या प्रयत्नांतून कोलंबस सर्कल येथे अशीच व्यवस्था त्याच दशकात सुरू झाली. परंतु या आरंभीच्या चौकांत मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. बाहेरून येणाऱ्या वाहनास वाट द्यावयाची म्हटले की वर्तुळ भरत जाते. आतली वाहने बाहेर पडू शकत नाहीत, आणि अखेर सर्वच खोळंबतात. यावरचा उपाय ब्रिटनने नोव्हेंबर १९६६ मध्ये स्वीकारला : वर्तुळात आधीच फिरत असलेल्या वाहनांचा अग्रहक्क. रस्ते-संशोधन प्रयोगशाळेतील फ्रँक ब्लॅकमोर यांचे नाव या प्रयोगांशी निगडित आहे. स्विंडन येथे १९७२ साली मध्यवर्ती वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळे रचून त्यांनी जो चौक सिद्ध केला, त्यात मधली वाहतूक बाहेरच्या क्रमाच्या उलट दिशेने फिरते. फ्रान्सने १९८३ च्या हुकूमनाम्याने हाच अग्रहक्क सूचित चौकांपुरता मान्य केला. एत्वाल येथे मात्र उजवीकडून आत येणाऱ्यासच वाट देण्याची जुनी रीत चालू राहिली.

आता नकाशाकडे वळू. ओपनस्ट्रीटमॅपच्या व्याख्येनुसार ‘राउंडअबाउट’ हा खूणशब्द ज्या वर्तुळात फिरत्या वाहतुकीस अग्रहक्क आहे त्यालाच लावावयाचा असतो. इतर वर्तुळांसाठी ‘सर्क्युलर’ हा निराळा शब्द आहे. म्हणजे १९६६ च्या नियमाने पाडलेली सीमारेषा नकाशाच्या शब्दकोशात उतरली आहे. एत्वालला दुसरा शब्द शोभतो, पहिला नव्हे. आपल्याकडे ‘किंग्ज सर्कल’, ‘हॉर्निमन सर्कल’ ही मुंबईतील नावे केवळ आकार सांगतात, नियमाविषयी मौन पाळतात. नकाशा रेखाटणाऱ्याने नावावरून निर्णय घेतल्यास तो चुकण्याचा संभव बराच.

विमानातून अथवा उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रात आकार दिसतो, नियम दिसत नाही. यातच अडचणीचे मूळ आहे. २०१० च्या अखेरीस बिंगची छायाचित्रे या कामासाठी खुली झाली, तेव्हापासून घरबसल्या रेखाटन करणे फारच सुलभ झाले. एखाद्या नगरातील सर्व गोल चौक बसल्या जागी ‘राउंडअबाउट’ म्हणून नोंदले जाऊ शकतात. अशाने जुना चौक कागदोपत्री नवा होतो, आणि उद्याचा अभ्यासक त्या नोंदीस पुरावा मानून बसतो. शिवाय रेषा ज्या दिशेने ओढली तीच वाहतुकीची दिशा समजली जाते. इंग्लंडात ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फ्रान्सात उलट. रेषा विरुद्ध ओढली गेली तर मार्ग सांगणारे यंत्र वाहनचालकास समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडी घालील.

नियमाचा खरा साक्षीदार म्हणजे रस्त्याकडेचा फलक. येथे ब्रिटनमधील वरबॉइज समितीचा अहवाल (१९६३) महत्त्वाचा ठरतो. त्यानुसार जॉक किनीर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडविलेल्या फलकांवर चौकापूर्वीच त्या चौकाचा लहानसा आराखडा काढलेला असतो आणि रस्त्याच्या महत्त्वाप्रमाणे रेषा जाड-बारीक होतात. हा फलक म्हणजे स्वतःच एक नकाशा. त्यावरील रस्त्याचा क्रमांक कंसात असल्यास ‘हा रस्ता त्या क्रमांकाच्या रस्त्याकडे नेतो’ एवढाच त्याचा अर्थ; कंस नसल्यास हाच तो रस्ता. कंस गाळून नोंद केली तर अर्थच पालटतो.

अशा फलकांवरील मजकूर नकाशात दोन रीतींनी येतो. सोपी रीत म्हणजे चौकातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यास ‘डेस्टिनेशन’ या खूणशब्दाने गंतव्यस्थान जोडणे. दुसऱ्या रीतीत येणारा रस्ता, जाणारा रस्ता, चौक आणि खांबावरचा फलक हे सर्व एका संबंधनोंदीत बांधले जातात. असे संबंध नोंदण्याची सोय २००७ साली झाली. माझ्या मते अभ्यासकास दुसरी रीत अधिक उपयोगी, कारण फलक जेथे उभा आहे ते स्थान तीत टिकते. परंतु ती कष्टाची असल्याने तिचा वापर तुरळक. दोन्हींत एकच शिस्त पाळावयाची असते : रस्ता खरोखर कोठे जातो ते नव्हे, फलकावर जे लिहिले आहे ते नोंदावयाचे. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्यास लागणारी ही शिस्त येथेही लागते, हे पाहून पाठचिकित्सेचे विद्यार्थी संतोष पावतील.

या नकाशाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक नोंदीच्या पूर्वीच्या आवृत्त्या तारखेसह जतन होतात. एखाद्या चौकाचा ‘राउंडअबाउट’ बदलून ‘सर्क्युलर’ झाला, तर तो केव्हा झाला हे कळते. परंतु चौकातील नियम बदलला की नोंद करणाऱ्याचे अज्ञान दूर झाले, हे तारखेवरून ठरत नाही. त्यासाठी बदलाबरोबर लिहिलेली टीप आणि दिलेला आधार पाहावा लागतो, आणि ती टीप लिहिण्याचा आळस पुष्कळ जण करतात.