माळवद, भिंत आणि मृत्यू : किल्लारी १९९३
'भूकंपबळी' हा शब्द इतिहासाच्या दृष्टीने अपुरा आहे. धक्क्याने माणसे क्वचितच मरतात, ती प्रायः कोसळलेल्या घराखाली मरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतर निद्रिस्त असलेल्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. जगाच्या मानाने तो मध्यमच. तरी मृतांचे आकडे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितले जातात. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेले माळवद ही तेथे सुस्थितीची खूण होती. उन्हापासून व चोरापासून रक्षण करणाऱ्या त्या वास्तूनेच माणसांना गाडले. हलक्या छपराच्या झोपडीतील अनेक निर्धन मात्र वाचले.

तथापि वास्तुहानी व मनुष्यहानी यांचे हे नाते सार्वत्रिक मानता येत नाही. ईशान्य जपानमध्ये २०११ साली असंख्य इमारती भूकंपात टिकल्या. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीत मात्र हजारो माणसे बुडाली. नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू बुडून झाले. तेथे भिंतीच्या बळापेक्षा जागेची उंची आणि हाती असलेला वेळ निर्णायक ठरला.

म्हणूनच आपत्तिविषयक साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाने 'निसर्गाचा कोप' या रूपकापाशी न थांबता, त्या पहाटे कोण कोणत्या छताखाली निजले होते, हेही विचारले पाहिजे.