किल्लारीने शिकविलेले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला व सुमारे १०,००० माणसे दगावली. जीव घेतला तो घरांनीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माळवदाच्या भारासह झोपलेल्यांवर कोसळल्या. कमी हानी झालेल्या गावांत घरे मालकांनीच शासकीय अनुदानातून दुरुस्त व मजबूत करावयाची होती. त्यासाठी गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान कसे मिळवावे, भिंत कशी बळकट करावी, हे त्या प्रथम स्वतः शिकल्या आणि मग घरोघरी समजावू लागल्या. २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा लातूरकडील स्त्रिया तेथील भगिनींना आपला अनुभव सांगावयास गेल्या. मदतीचे धान्य वाटून संपते. गावाने स्वतः शिकून घेतलेले काम मात्र दुसऱ्या गावाच्याही उपयोगी पडते.